भावासाठी कायमची निवासी संस्था शोधतेय. नेमकं काय बघायचं?

थोरली

नमस्कार. लांबण लागेल, आधीच सांगते.

माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही. बोलणं मोजक्या शब्दांत, त्यातले निम्मे एसटीच्या पाट्यांचे. 'सांगली-स्वारगेट', 'मिरज-कवठेमहांकाळ' असे पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेले आहेत, रोज संध्याकाळी ते ओटीवर ओळीने लावतो. क्रम कुणी हलवला तर त्या रात्री घरात कुणी झोपत नाही. पाणी काढून दिलं की अंघोळ करतो, जेवतो हाताने. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून मागच्या दारी जातो. फिट येतात, पण गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई बहात्तरची, गुडघे संपलेले. मी पुण्यात, नोकरी, दोन मुलं, दोन खोल्या. गौरीच्या दिवसांत आई न्हाणीघरात पडली तेव्हापासून 'माझ्यामागे ह्याचं काय' हा विषय ती स्वतःच काढायला लागली आहे.

दोन संस्था बघून झाल्या. पहिली चकाचक. लिफ्ट, मजल्यामजल्यावर कॅमेरे, पालकांना मोबाइलवर ॲप. महिना ३५ हजार आणि पाच लाख अनामत. आम्ही गेलो तेव्हा सगळे हॉलमध्ये खुर्च्यांवर शांत बसले होते, अजिबात गडबड नाही. दुसरी संस्था गावाबाहेर, कौलारू, भिंतींना पोपडे. महिना १६ हजार. तिथे एकाने माझी पर्स ओढली, दुसऱ्याने हाताला धरून मला गोठ्यात नेलं आणि म्हैस दाखवली. आवाज भरपूर. आईला पहिली आवडली. मला ठरवता येत नाहीये. बघायचं काय असतं? ज्यांनी आत काम केलंय किंवा आपलं माणूस ठेवलंय त्यांनी सांगा. 'भावाला टाकताय का' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरचे पाहुणे देतच आहेत.

कागद_आधी

पहिला प्रश्न नोंदणीचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. नुसती धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी पुरत नाही, दोन्ही वेगळे कागद आहेत. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं बहुतेक वेळा दुसरंच असतं. तारीख वाचा, मुदत संपलेली असते.

दुसरं, वडील जि. प. शिक्षक होते म्हणता. आईला कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल. कमावता न येणाऱ्या दिव्यांग मुलाला आईच्या पश्चात ते हयातभर मिळू शकतं. त्यासाठी भावाचं नाव पेन्शनच्या कागदांत आत्ताच, आई सही करू शकते तोवर, लावून घ्या. वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. नंतर धावणं फार अवघड जातं.

रात्रपाळी

ताई, निवासी संस्थेत काळजीवाहक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग रात्रपाळीत गेला. संस्थेचं नाव सांगत नाही, मागू नका.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला एकच वाक्य खटकलं. 'सगळे शांत बसले होते.' चाळीस-पन्नास माणसं, त्यातली निम्मी ऑटिझमची, सकाळी अकराला खुर्चीवर हलत नाहीत? असं आपोआप होत नाही. एकतर पाहुणे येणार म्हणून दमात बसवलेत, नाहीतर गोळ्यांनी. दोन्ही वाईट. म्हशीवाल्या जागेत निदान एकाला वाटलं की पाहुण्याला काहीतरी दाखवावं. म्हणजे दाखवण्याजोगं त्याच्याकडे काहीतरी आहे. एवढ्यावर दुसरी चांगली ठरत नाही, पण मी असतो तर तपासणी तिथून सुरू केली असती.

सकाळी जाऊ नका. सकाळ सगळ्यांची छान असते. प्रार्थना, योगासनं, मग कर्मशाळेत पणत्या रंगवणं, फायली, कागदी पिशव्या. संध्याकाळी साडेपाचनंतर जा, किंवा रविवारी दुपारी. शिक्षक घरी गेलेले असतात, दिवसपाळी सुटायच्या घाईत असते, रात्रपाळी अजून आलेली नसते. त्या तीन-चार तासांत तुमच्या भावासारखा माणूस काय करतो ते बघा. टीव्हीपुढे ओळीनं बसवलेत का? पाट्या लावायला त्याला जागा मिळेल का, आणि लावलेल्या पाट्या कुणी झाडूनं गोळा करणार नाही ना?

मग रात्र. विचारायचं: रात्री जागं कोण असतं? 'असतं' नव्हे, 'जागं' असतं? पुष्कळ ठिकाणी पंचवीस जणांमागे एक मदतनीस आणि गेटवर पहारेकरी, आणि मदतनीस अकराला चादर ओढतो. खोलीला बाहेरून कडी आहे का ते स्वतः दाराला हात लावून बघा. बाहेरून कडी असेल तर आग लागल्यावर काय, आणि फिट आल्यावर काय? फिटेचं तर नुसतं विचारू नका, त्याच्याकडून म्हणवून घ्या. एका कुशीवर वळवतो, तोंडात काही घालत नाही, घड्याळ बघतो, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात नेतो, असं रात्रीच्या माणसानं सांगितलं पाहिजे. कांदा नाहीतर चप्पल हुंगवतो म्हणाला तर समजा की त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. दोष त्याचा नाही, पण भाऊ तुमचा आहे.

संडासात जा. फिनेलच्या वासावर जाऊ नका, तो पाहुण्यांसाठीच असतो. आतून कडी लागते का, बादलीला पाणी आहे का, आडोसा आहे का ते बघा. आणि दात घासायचे ब्रश बघा. प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला, ओला आहे का? कपडे नावानिशी ठेवलेत की धुऊन एका ढिगात? अंतर्वस्त्रंसुद्धा ढिगात असली तर मला पुढचं काही बघावंसं वाटत नाही.

आता गोळ्यांचं सांगतो, कारण याच्यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे एक होता, तिशीतला, बोलत नसे. तो डोकं भिंतीवर आपटायला लागला. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येणारे. रिस्पेरिडॉन, म्हणजे मनोविकारावरची गोळी, वाढवली. मग आणखी वाढवली. पोरगं झोपाळू झालं, वजन वाढलं, तोंडातून लाळ गळायला लागली, तरी जाग आली की डोकं आपटणं आहेच. शेवटी लक्षात कुणाच्या आलं? स्वयंपाकीणबाईंच्या. म्हणाल्या, हा भाकरी एकाच बाजूनं चावतो, दुसरीकडचा घास बाहेर काढून ठेवतो. दाढेखाली पू झाला होता. भूल देऊन दाढ काढली, काही दिवसांत आपटणं थांबलं. वाढवलेली गोळी मात्र पुढे कितीतरी महिने चालूच राहिली, कारण ती कमी करा असं म्हणणं कुणाचंच काम नव्हतं.

म्हणून विचारा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती दिवसांनी येतात, प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे लिहिलेलं रजिस्टर दाखवता का, आणि शेवटची गोळी *कमी* कुणाची आणि कधी केली? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. नुसती वाढत जाणारी रजिस्टरं मी पुष्कळ पाहिलीत. न बोलणारा माणूस अचानक बिथरला की आधी दात, कान, पोट बघायचं. बद्धकोष्ठ तर हमखास. 'बिहेविअर' म्हणून मोकळं व्हायचं नाही.

अध्यक्षांशी, संचालकांशी जास्त बोलू नका. ती माणसं चांगली असली तरी रात्री घरी असतात. एखाद्या काळजीवाहकाला बाजूला घ्या, न बोलणाऱ्या एखाद्याकडे बोट दाखवा आणि विचारा, 'ह्याला नको असलं की हा काय करतो?' जो रोज त्याला जेवू घालतो तो पटकन सांगेल. ताट सरकवतो, मनगट चावतो, माझ्या खिशात हात घालतो, काहीही. 'हा नाही म्हणतच नाही, फार गुणी आहे' असं उत्तर आलं तर सावध व्हा. आणि विचारा, तुमच्यात सगळ्यात जुना कोण? सगळेच चार-सहा महिन्यांचे असतील तर पगार वेळेवर होत नाहीत. माणसं टिकत नाहीत तिथे भावाची सवय कुणाला लागणार?

देणगीदारांचं एक राहिलं. पितृपक्षात आमच्याकडे रोज कुणाची तरी खीर, कुणाची जिलेबी. वाढदिवसाला केक, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावून गाणं, फुगे फोडणं, फोटो. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, संस्थाही त्यांच्यावरच चालते, ते मला माहीत आहे. पण ज्याला कुकरची शिट्टी सोसत नाही त्याच्या कानाशी फुगा फोडतात हो. ज्यांना साखर आहे, गोळ्यांनी वजन वाढलंय, त्यांनाही जिलेबी. चांगली संस्था देणगीदाराला सांगते, पैसे कार्यालयात द्या, शिधा द्या, गाणं नको, फोटो नको. असं सांगायची हिंमत आहे का ते त्यांच्या फेसबुक पानावरच दिसतं. चेहरे दाखवून रांगेत बसवलेली पंगत असेल तर तुमचा भाऊही त्या रांगेत असणार.

दोघांची_आई

रात्रपाळी यांच्या शब्दाशब्दाला मान, पण थोडं जमिनीवर येऊ या. थोरली, तुम्ही संस्था निवडताय असं समजू नका. संस्था तुम्हाला निवडते. ऑटिझम आणि फिट म्हटल्यावर निम्म्या जागा फोनवरच 'सध्या जागा नाही' म्हणतात. 'स्वतःचं स्वतः करणारा हवा, आक्रमक नको' हे ठरलेलं वाक्य. आणि रविवारी दुपारी न सांगता गेलात तर गेटवरूनच परत. माझ्या मुलीसाठी मी हे सगळं केलंय. मुलीच्या बाबतीत तर भीती वेगळीच. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या बालगृहातलं प्रकरण बाहेर आलं, बोलू न शकणाऱ्या मुलींवर संस्थेतच अत्याचार होत होते. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला फाशी सुनावली. त्या जागेचीही कागदपत्रं होतीच की कुठेतरी.

त्यातून मी एवढंच घेतलं की पालकांचा पाय जिथे सतत आत असतो तिथेच ठेवायचं. बदलापूरची 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' या पालकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था. पुण्याकडे कोळवणला साधना व्हिलेज आहे, तिथे मोठ्या वयाची मंडळी घरासारखी गटागटाने राहतात. जाऊन बघा. जागा मिळेलच असं नाही, पण काय शक्य असतं ते डोळ्यांना कळतं आणि मग ३५ हजारांच्या लिफ्टचं दडपण येत नाही.

आणि सरकारने काय केलंय म्हणाल तर अनुदानाची बहुतेक मांडणी अठरापर्यंतची. अठरानंतर हे लोक कुठे जाणार, याच प्रश्नावर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी वर्षानुवर्षं कायदा मागितला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कायदा मिळाला असता तर त्यांना जास्त आवडलं असतं असं मला वाटतं.

लीड्सकर

मी मूळचा कराडचा, सध्या इंग्लंडमध्ये याच कामात आहे. एका साध्या घरात तीन जण राहतात, आम्ही पाळ्यांमध्ये त्यांना मदत करतो. इकडे तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा आहे, केअर क्वालिटी कमिशन. न सांगता येतात, सुरक्षित आहे का, आपुलकी आहे का वगैरे पाच प्रश्नांवर शेरा देतात, अहवाल वेबसाइटवर कुणीही वाचावा. भारतात असं काही नाही याचं वाईट वाटतं, पण त्यावर फार भाळूही नका.

ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं, नेमकं अशाच लोकांसाठी. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड खर्च होत होते. म्हणजे चकाचक इमारतीचं म्हणाल तर महागड्यातलं महाग. तिथल्या एका नर्सने आत काय चाललंय ते वरिष्ठांना आणि तपासणी यंत्रणेलाही कळवलं होतं, कुणी हलेना. २०११ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने तिथे नोकरी धरून लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. मारणं, जमिनीवर दाबून धरणं, थंडीत अंगावर पाणी ओतणं. अकरा कर्मचारी दोषी ठरले, त्यातल्या सहांना तुरुंगवास झाला. २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये पुन्हा तसंच चित्रण, आणि त्या जागेला तपासणीत 'चांगले' शेरा होता. कॅमेरे आणि ॲप यांचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो, कॅमेरा संस्थेचा असतो. काय दाखवायचं ते संस्था ठरवते.

गोळ्यांचं रात्रपाळींनी लिहिलंय ते इकडेही तसंच. २०१५ मध्ये इथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनेच हिशेब मांडला की बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ योग्य कारण नसताना मनोविकारावरची औषधं घेत आहेत. पुढच्या वर्षी ती कमी करण्याची मोहीमच निघाली. आमच्याकडे आता प्रत्येक औषधाचा ठरावीक काळाने फेरविचार होतो.

इकडची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. प्रत्येकाचा एक 'पासपोर्ट' असतो, दोन पानी. मला काय आवडतं, दुखलं की मी काय करतो, मला शांत कसं करायचं, औषधं कशी द्यायची. दवाखान्यात न्यायची वेळ आली की तो कागद बरोबर जातो. तुमच्या आईला बसवून तिच्या तोंडून आत्ता लिहून घ्या. तेहतीस वर्षांचं ज्ञान आहे ते, दुसऱ्या कुणाकडे नाही.

थोरली

सगळ्यांचे आभार. पेन्शनचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, उद्याच पंचायत समितीत जाते.

पहिल्या संस्थेत फोन केला, संध्याकाळी येऊ का विचारलं. म्हणाले, भेटीची वेळ अकरा ते एक, आणि दाखल केल्यावर पहिले तीन महिने घरच्यांनी भेटायचं नाही, म्हणजे मूल रुळतं. दुसऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, या की, पण जेवणाच्या वेळी आलात तर जेवावं लागेल.

रात्रपाळीदादा, तीन महिने न भेटण्यात काही तथ्य आहे का? आई यावर अडून बसली आहे, तिला वाटतं आपण गेलो तर तो परत घरी यायचा हट्ट धरेल. दुसरं, पालकत्वाचं काय करायचं? आई आहे तोवर वेगळं काही लागतं का?

रात्रपाळी

आईंचं म्हणणं अगदी खोटं नाही. पहिल्या भेटीनंतर रडारड होते, दोन दिवस जेवण तुटतं, काळजीवाहक वैतागतात. म्हणून संस्थांना तो नियम सोयीचा पडतो. पण रुळलाय की गप्प झालाय हे ज्याला ओळखता येईल असं माणूस त्या तीन महिन्यांत आत जाणारच नाही. गप्प झालेलं तिथल्या लोकांना रुळल्यासारखंच दिसतं. आठवड्याला भेट नको असेल तर नको, पण दार बंद नको. मी तर आधी चार-पाच दिवसांचं राहणं मागेन. सोबत तुम्ही किंवा आई दिवसा तिथेच, रात्री तो एकटा. मग घरी. मग पुन्हा. ज्या संस्थेला हे झेपत नाही तिला ऑटिझम झेपत नाही.

तिथे जाल तेव्हा पुठ्ठ्याच्या पाट्या बरोबर न्या आणि घरी एक जास्तीचा संच करून ठेवा, तोही लॅमिनेट करून. एखादा पुठ्ठा हरवणार, चुरगळणार, दुसरा कुणी खाणारसुद्धा. त्यावरून भावाला आकांत झाला आणि कुणाला कारणच माहीत नसलं तर गोळी वाढते, हे वर लिहिलंच आहे. लीड्सकरांच्या दोन पानांत पहिल्या ओळीत पाट्यांचा क्रम लिहा.

पालकत्वाचं. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये येतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथे अर्ज करायचा. आई अर्ज करतील तेव्हाच त्यांच्या नंतर तुमचं नाव यावं असं समितीला विचारून घ्या. पालक म्हणून नेमल्यावर सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. कटकट आहे, पण उद्या सांगलीच्या घरावरून चुलत्यापुतण्यांत काही निघालं तर हाच कागद उपयोगी पडतो. न्यासाच्याच 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आधी तपासण्या लागत नाहीत. फिटेच्या माणसाला दुसरीकडे विमा मिळवायला जाल तेव्हा त्याची किंमत कळेल.

पाच लाख अनामत मागणाऱ्यांना लेखी विचारा, मुलगा सहा महिन्यांत परत नेला तर किती परत? संस्थेनेच 'जमत नाही, घेऊन जा' म्हटलं तर किती? दोन्ही उत्तरं वेगळी यायला हवीत. आणि म्हशीवाल्या बाईंना विचारा, तुमच्यानंतर इथलं कोण बघणार? एका माणसाच्या जिवावर चाललेल्या जागा मी बंद पडताना पाहिल्यात. त्यांचं विश्वस्त मंडळ नुसतं कागदावरचं आहे की तीसच्या आसपासचं कुणी रोज तिथे राबतंय, ते बघून या.

जेवायला बोलावलंय ना, मग जाच. त्यांच्या पंगतीत बसा, वेगळ्या खोलीत ताट आणलं तर नको म्हणा. भाजी कशी आहे यापेक्षा ज्याला हातानं खाता येत नाही त्याला भरवणारा माणूस त्याच्या तोंडाकडे बघतोय की मोबाइलकडे, ते बघा. आणि आल्यावर इथे लिहा.